गालिचा आधी उलटा करा

पहिला गालिचा घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत रंग, नक्षी आणि भाव यांचं सविस्तर वर्णन आहे. पाठ कशी दिसते हे मात्र दोघातिघांनीच लिहिलं आहे. गालिच्याची खरी माहिती पाठीवरच असते, म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : एका फर्निचर शोरूममध्ये सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा पसंत केला आहे. विक्रेता ‘शंभर टक्के हातानं बनवलेला’ म्हणतो. मागच्या बाजूला जाड कापड चिकटवलेलं आहे. ते मजबुतीसाठी असतं का? (डोंबिवली)

उत्तर : ते कापड पाठ झाकण्यासाठी असतं. हा टफ्टेड गालिचा आहे. ताणून बसवलेल्या सुती कापडावर नक्षी उमटवतात, हातातल्या टफ्टिंग गननं त्यात धागा टोचत जातात, मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, थर देतात आणि त्यावर दुसरं कापड चिकटवतात. गन हातात धरलेली असते, त्यामुळे विक्रेता अगदीच खोटं बोलत नाही. पण यात एकही गाठ नसते. धागा धरून ठेवतं ते फक्त लॅटेक्स, आणि लॅटेक्स कायम टिकत नाही. आपल्या दमट हवेत ते आधी चिकट होतं, कुबट वास येऊ लागतो, मग सुकून त्याचा भुगा होतो. गालिचा उचलला की लादीवर पिठासारखी पांढरट पूड दिसते ती हीच. असा गालिचा पाण्यात बुडवून नीट धुताही येत नाही, कारण थर सुटतात. पाच ते दहा वर्षांचा माल समजून, त्याच हिशेबाचा भाव देऊन घेतला तर टफ्टेडमध्ये वाईट काही नाही. भाड्याच्या घरात अनेकदा तोच शहाणपणाचा पर्याय ठरतो. गाठींच्या गालिच्याचा भाव मात्र त्याला देऊ नका.

गाठींचा गालिचा ओळखायला कोपरा उलटा करा. पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे आणि प्रत्येक गाठीचा बारीक ठिपका बोटाला लागला पाहिजे. ओळी किंचित वरखाली असतात. मोजपट्टीनं आखल्यासारख्या सरळ असतील तर यंत्राची शंका घ्या. मग पुढून लव, म्हणजे वरचे उभे तंतू, बोटांनी फाकवून मुळाशी पाहा. तिथे ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या, दोन धाग्यांभोवती घातलेला विळखा दिसतो. यंत्रावरच्या मालात धागा नुसता इंग्रजी यू अक्षरासारखा अडकवलेला असतो. झालरीकडेही लक्ष द्या. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचीच मोकळी टोकं; ती आतून येते. यंत्राच्या गालिच्याला ती नंतर शिवतात आणि शिलाईची रेघ लपत नाही.

‘हँडलूम’ हा शब्द ऐकलात तर तो आणखी वेगळा प्रकार. तो मागावर विणलेला असतो, पण गाठ मारलेली नसते. लवेतला एखादा धागा चिमटीत धरून ओढला तर सहज निघून येतो.

प्रश्न : भदोहीच्या मालावर ‘९/५४’ लिहिलेलं होतं, दुसऱ्या दुकानात ‘३२४ नॉट’ सांगितले, तिसऱ्यानं इराणी गालिचा ‘५० राज’ म्हणून दाखवला. तुलना कशी करायची? आणि जास्त गाठी म्हणजे जास्त चांगला, असंच ना? (नाशिक)

उत्तर : तिन्ही मापं एका चौरस इंचातल्या गाठींवर आणता येतात. उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरकडे पहिला आकडा ०.९ इंच रुंदीतल्या गाठींचा आणि दुसरा ४.५ इंच लांबीतल्या गाठींचा. म्हणून ९/५४ म्हणजे रुंदीत इंचाला १० आणि लांबीत १२, एकूण १२०. याच हिशेबानं ५/४० सुमारे ५० आणि १२/६० सुमारे १७८. काश्मीरमध्ये सरळ १८ बाय १८ म्हणतात, त्याचे ३२४. इराणमधल्या तब्रिझचा ‘राज’ म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर रुंदीतल्या गाठी. ५० राज म्हणजे इंचाला साधारण १८, चौरस इंचाला सव्वातीनशेच्या आसपास. इराणमधल्याच नाईनचा गालिचा दाखवताना ‘६ ला’ किंवा ‘९ ला’ म्हणतील. ती गाठींची संख्या नाही. ताण्याचा एक धागा किती पदरी आहे ते त्यातून कळतं, आणि तिथे आकडा जितका लहान तितकं काम बारीक.

सांगितलेला आकडा स्वतः मोजून पाहा. पाठीवर टेप आडवा ठेवून एका इंचातल्या गाठी मोजा, मग उभा ठेवून मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. इथे नवख्याची हमखास फसगत होते. प्रत्येक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते. दोन्ही धागे एका पातळीत असतील तर एका गाठीचे पाठीवर शेजारी शेजारी दोन ठिपके दिसतात. एक धागा आत दाबलेला असेल तर एकच. त्यामुळे ठिपके मोजले तर आकडा दुप्पट येऊ शकतो. नक्षीतली एकाच गाठीच्या रुंदीची उभी रेघ शोधा. ती दोन ठिपक्यांची दिसली तर आडव्या मोजणीला दोनानं भागा. दुसरी मेख जुफ्ती गाठीची. विणकर दोनाऐवजी चार धाग्यांना मिळून एक गाठ मारतो, वेळ वाचतो, लव विरळ होते आणि लवकर झिजते. लव फाकवल्यावर मुळाशी मोकळी जागा जास्त दिसली तर कारण बहुधा हेच.

जास्त गाठी म्हणजे जास्त चांगला, हे समीकरण विक्रेत्यांच्या सोयीचं आहे. गाठींची संख्या नक्षीच्या गरजेनुसार ठरते. वळणदार वेली आणि बारीक फुलं हवी असतील तर २०० च्या पुढे जावंच लागतं. पण वायव्य इराणमधला हेरिझचा गालिचा घ्या. मोठं कोनदार पदक, ठसठशीत रेषा, गाठी अनेकदा ८० च्याही खाली, आणि तरी जगभर मागणी, कारण लोकर दणकट आणि वीण घट्ट. लोकर सुमार असेल तर ३०० गाठींचा गालिचाही दहा वर्षांत टक्कल पडल्यासारखा दिसेल.

गाठींचा आकडा खरा उपयोगी पडतो तो भाव तपासायला. कसलेला विणकर दिवसाला साधारण ६ ते ८ हजार गाठी मारतो. चार बाय सहा फूट म्हणजे ३,४५६ चौरस इंच. १२० गाठींप्रमाणे ४,१४,७२० गाठी, म्हणजे एका माणसाचे ५२ ते ६९ दिवस. त्याला साध्या दिवसाच्या मजुरीनं गुणा, मग लोकर, रंगाई, धुलाई आणि दुकानाचा नफा मिळवा. मागितलेला भाव नुसत्या मजुरीपेक्षा कमी निघाला, तर आकडा, वीण किंवा मजुरी यांपैकी काहीतरी गैर आहे. मजुरीतलं गैर म्हणजे अनेकदा मुलांचं काम. गालिचा उद्योगातल्या बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये ‘रगमार्क’ सुरू झालं. आज ते ‘गुडवीव्ह’ नावानं ओळखलं जातं. त्याच्या लेबलवर क्रमांक असतो, तो पाहून घ्या.

पहिल्या खरेदीसाठी आमचं मत विचाराल तर ८० ते १२० गाठींचा, चांगल्या लोकरीचा, सुती ताण्याचा गालिचा घ्या. ‘इंडो-हेरिझ’ किंवा ‘इंडो-तब्रिझ’ म्हणजे भारतात विणलेली इराणी धाटणी. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तो इराणी म्हणून विकला जाऊ नये.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहलीबरोबर काश्मीरला जात आहोत. तिथून तीन बाय पाचचा सिल्कचा गालिचा आणायचा आहे. फसू नये म्हणून काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

उत्तर : आधी एक ठरवून टाका : सहलीची बस ज्या दुकानापुढे थांबेल तिथे पहिल्या दिवशी फक्त पाहायचं. अशा दुकानांच्या भावात आणणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं. शोरूममध्ये माग मांडलेला असतो, विणकर तालमीचा कागद समोर ठेवून गाठी मारत असतो. तालीम म्हणजे कोणत्या रंगाच्या किती गाठी हे सांगणारी काश्मीरची सांकेतिक लिपी. ती जरूर पाहा, पाहण्यासारखी आहे. पण मागावर जे विणलं जातंय तेच गठ्ठ्यातून काढून दाखवलं जातंय, असं समजू नका.

मग विक्रेता गालिचा हवेत फिरवून टाकतो. एका बाजूनं फिका, दुसऱ्या बाजूनं गडद. ‘हीच असली सिल्कची खूण!’ तशी ती नाही. लव एका दिशेला झुकलेली असली की कुठलाही गालिचा दोन बाजूंनी दोन छटा दाखवतो, व्हिस्कोजचा, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, तर जास्तच. ‘बांबू सिल्क’, ‘बनाना सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ ही नावं ऐकलीत तर माल बहुतेक वेळा व्हिस्कोजचा किंवा चमक आणलेल्या सुताचा असतो. व्हिस्कोज दिसायला देखणं असतं, पण ओलं झालं की त्याची ताकद जाते, लव चिकटून कडक होते आणि डाग पिवळा पडतो. जिथे रोज लादी पुसली जाते त्या घरात ते टिकणं अवघड.

खात्रीची सोपी चाचणी धागा जाळण्याची. विक्रेत्याला विचारून लवेतले दोनचार तंतू काढून घ्या. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की विझू लागतात आणि राहिलेला काळा गोळा बोटांत चुरडला जातो. व्हिस्कोज आणि सूत कागदासारखं भुरकन जळतं, मागे हलकी राख राहते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन वितळून टणक मणी होतो. एकाच रंगाचे तंतू घेऊ नका. नक्षीच्या बाह्यरेषेला रेशीम आणि बाकी भरणा दुसऱ्याच धाग्याचा, असंही असतं. ‘सिल्क ऑन सिल्क’ म्हणत असतील तर झालर पाहा. ताणाही रेशमी असेल तर झालर रेशमीच हवी. झालर सुती असेल तर तो ‘सिल्क ऑन कॉटन’. तोही चांगला गालिचा असतो, फक्त भाव वेगळा.

काश्मिरी हातगाठींच्या गालिच्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२२ पासून त्यावर क्यूआर लेबल लावण्याची सोय झाली. कोड स्कॅन करून विणकर, जिल्हा, कच्चा माल यांची माहिती उघडते. उघडलेली माहिती समोरच्या गालिच्याशी ताडून पाहा : माप, धागा, गाठी. नुसतं लेबल असणं पुरेसं नाही, लेबल दुसऱ्या मालावरही शिवता येतं. शंका असेल तर श्रीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्पेट टेक्नॉलॉजीत तपासणीची चौकशी करा. सरकारी एम्पोरियममध्ये आधी चक्कर मारलीत तर भावाचा अंदाज येतो.

तीन बाय पाचच्या २० बाय २० गालिच्यात ८,६४,००० गाठी असतात, म्हणजे १०८ ते १४४ दिवसांची मजुरी. वरचा हिशेब इथेही मांडा. आणि ‘पैसे द्या, कुरिअरनं घरी पाठवतो’ याला शक्यतो नाही म्हणा. एवढा गालिचा घडी करून बॅगेत मावतो; हॉटेलवर पोहोचलात की उलगडून ठेवा. पाठवणं टळतच नसेल तर पाठीवर कोपऱ्यात पेनानं सही करा आणि त्या कोपऱ्याचा फोटो काढा.

एक विचारायचं राहिलं : रेशमी गालिचा कुठे घालणार आहात? हॉलमध्ये जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर लोकरीचाच घ्या. रेशीम भिंतीवर किंवा कमी वावराच्या खोलीत शोभतं.

प्रश्न : हॉल ११ बाय १५ फूट, तीन जणांचा सोफा सात फुटी. गालिचा केवढा घ्यावा? जेवणाच्या टेबलाखालीही घालायचा विचार आहे. (पुणे)

उत्तर : सोफ्याच्या दोन्ही टोकांना गालिचा निदान सहा इंच बाहेर यायला हवा आणि सोफ्याचे पुढचे पाय आठेक इंच गालिच्यावर हवेत. तुमच्या खोलीत सहा बाय नऊ नीट बसेल, नऊ फुटांची बाजू सोफ्याला समांतर. चार बाय सहा घेतलात तर तो टीपॉयखाली पायपुसण्यासारखा दिसेल. पहिल्या खरेदीत सर्वांत जास्त होणारी चूक हीच. भिंतीपासून फूट-दीड फूट लादी मोकळी राहू द्या. दुकानात जाण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढं माप जमिनीवर मांडा आणि दोन दिवस त्यावरून वावरा. दार उघडताना खाली किती फट राहते तेही मोजा, नाहीतर गालिचा आल्यावर दार तासून घ्यावं लागेल.

जेवणाच्या टेबलाखाली नको. खुर्ची मागे सरकवली तरी तिचे पाय गालिच्यावरच राहायला हवेत, म्हणजे टेबलाभोवती सगळीकडून दोन ते अडीच फूट जागा लागते. तीन बाय पाचच्या टेबलाला आठ बाय दहाचा गालिचा लागेल, आणि त्यावर रोज वरण सांडणार.

नवा गालिचा दुकानात जमिनीवर पूर्ण पसरून पाहा. रुंदी दोन्ही टोकांना आणि मधे मोजा. नऊ फुटांत इंच-दोन इंचाचा फरक हातकामात चालतो. मधे फुगलेल्या लाटा मात्र ‘घालून घालून बसतील’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. ताण्याचा ताण असमान असला की त्या राहतातच.

प्रश्न : रंग नैसर्गिक आहेत असं सांगितलं. ते ओळखायचं कसं? एका ठिकाणी निळ्या रंगात फिके-गडद आडवे पट्टे दिसले, तो दोष का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आडवे पट्टे म्हणजे रंगवलेल्या लोकरीचा एक घाणा संपून दुसरा सुरू झाला. याला अब्रश म्हणतात आणि गावाकडच्या विणकामात तो गोडच दिसतो. पट्टे विणकामाच्या ओळींबरोबर आडवेच हवेत. उभे किंवा डागासारखे असतील तर ते पाणी, ऊन किंवा रंगसफेती.

नैसर्गिक रंगांत लाल मंजिष्ठेचा, निळा निळीचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, पिवळट डाळिंबाच्या सालीचा. हिरवा बहुधा पिवळ्यावर नीळ चढवून. नुसत्या डोळ्यांनी याची खात्री तज्ज्ञालाही देता येत नाही. तुर्कस्तानात १९८१ मध्ये सुरू झालेल्या दोबाग प्रकल्पासारखी लेखी हमी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नैसर्गिक म्हणून जादा पैसे मोजू नका. चांगले क्रोम (रासायनिक) रंग उन्हाला आणि पाण्याला उत्तम टिकतात.

रंग पक्का आहे का, हे जास्त महत्त्वाचं. पांढरा रुमाल ओला करून, पिळून, लाल आणि गडद निळ्या भागावर अर्धा मिनिट घासा. किंचित छटा आली तर नव्या मालात चालेल. रुमाल रंगला तर गालिचा ठेवून द्या, तो पहिल्या धुलाईत पांढऱ्या भागावर उतरेल. मग लव फाकवा. टोकं फिकी आणि मूळ गडद असेल तर ऊन लागलंय किंवा जुनाट दिसावा म्हणून रसायनात धुतलाय. उलट टोकांना रंग आणि मुळाशी फिका, तर वरून रंग फासलाय.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या लोकरी गालिच्यातून रोज मूठभर लोकर निघते. परत करू का? (ठाणे)

उत्तर : गाठींचा असेल तर आणखी काही महिने थांबा. कातताना राहिलेले आखूड तंतू निघत असतात. नखानं जोरात खरवडून पाहा. मऊ लोकर हाताशी आली तर ठीक. कोरडी, तुटकी भुकटी पडली तर लोकर हलक्या प्रतीची आहे; मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून रसायनानं सोडवलेली लोकर अशी वागते, आणि ती सुधारत नाही.

प्रश्न : कोकणात चार महिने पाऊस. इथे लोकरी गालिचा घ्यावा तरी का? कसर लागेल, बुरशी येईल. (रत्नागिरी)

उत्तर : घ्या, पण पावसाळ्यात तो वापरात ठेवा किंवा नीट बांधून ठेवा, अर्धवट सोफ्याखाली सारून ठेवू नका. कसर लागते ती अंधाऱ्या, न हललेल्या जागी. लोकर खाते ती छोट्या फिकट सोनेरी पतंगाची अळी. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, पण तो दिसला की अंडी घातली गेली असं समजा. सोफ्याखालची कड उचलून पाठीवर रेशमी पांढऱ्या नळ्या आणि वाळूसारखे कण दिसतात का पाहा. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा, फिरता ब्रश बंद ठेवून, आणि झालर टाळून. सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवा म्हणजे सोफ्याखालचा भाग उजेडात येतो. उघड्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा उपयोग नाही. त्यांची वाफ बंद जागेतच काम करते. कडुनिंबाच्या पाल्यानं अळी मरत नाही.

बुरशी लोकरीपेक्षा खालच्या सुती ताण्या-बाण्याला आधी धरते. पावसाळ्यात लादीला ओल सुटत असेल तर गालिचा उचलाच. पाइपवर लवेच्या दिशेनं गुंडाळा, जुन्या सुती चादरीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको, आणि जमिनीवर न ठेवता पलंगावर किंवा फळीवर आडवा ठेवा. आधी पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा. घाम आणि तेलकट डागांकडे कसर आधी जाते. ऑक्टोबरच्या उन्हात पाठ वर करून तासदोन तास वाळवा.

आणखी एक, जे पुस्तकांत सापडत नाही : आपल्याकडच्या गालिच्यांचं सर्वांत जास्त नुकसान रोज लादी पुसताना होतं. फिनेलच्या पाण्याचा ओला फडका कडेला आणि झालरीला लागत राहतो, सूत तपकिरी पडतं आणि वर्षा-दोन वर्षांत कुजतं. लादी पुसायच्या आधी कडा आत दुमडायच्या आणि लादी सुकल्यावरच सोडायच्या, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. झाडताना फूलझाडू, लवेच्या दिशेनं, खराटा नाही. गच्चीच्या कठड्यावरून झटकणंही नको.

एवढी देखभाल जमणार नसेल तर सुती सतरंजी घ्या. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन आहे, भौमितिक आकृत्या आणि मोरांची नक्षी सुरेख असते, आणि कसरीला त्यात खायला लोकर नाही.

प्रश्न : हळदीचं वरण सांडलं. साबणानं घासलं तर डाग लाल झाला! आता? (नागपूर)

उत्तर : हळद साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थानं लाल होते. वाटीभर थंड पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं टिपा. डाग पुन्हा पिवळा होईल. मग दुसऱ्या साध्या ओल्या फडक्यानं टिपून कोरड्यानं दाबा. घासायचं नाही, घासलं की लव पिंजते. उरलेला पिवळा रंग उन्हात विरतो. डागाएवढं भोक असलेलं जाड कापड वर पसरून फक्त तेवढा भाग सकाळच्या उन्हात तासभर ठेवा, गरज पडली तर पुन्हा. पुढच्या वेळी आधी चमच्यानं सांडलेलं उचला आणि मग पाण्याला हात लावा. कपड्यांची पावडर लोकरीला कधीच नको. ती क्षारयुक्त असते आणि लोकर-रेशीम तिनं खराब होतं.

तीन ते पाच वर्षांनी एकदा धुलाई, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सोफा शॅम्पू करणाऱ्यांना घरी बोलावून गालिचा धुऊ नका. फेस आत राहतो, सूत हळूहळू सुकतं आणि तपकिरी छटा वर येते. पूर्ण बुडवून धुणारा, रंग आधी तपासणारा आणि सपाट वाळवणारा कारागीर शोधा.

प्रश्न : दुबईत मुक्काम करून अमेरिकेत परतताना इराणी गालिचा घ्यायचा आहे. शिवाय साताऱ्याच्या वाड्यातला पणजोबांचा जुना गालिचाही इकडे आणायचा आहे. (न्यू जर्सी)

उत्तर : दोन्हींत कायदा आडवा येतो. इराणी गालिचे अमेरिकेत आणण्यावर २०१८ पासून पुन्हा बंदी आहे. त्याआधी १९८७ ते २००० आणि २०१० ते २०१६ या काळातही होती. दुबईत घेतला म्हणून तो इराणी असायचा थांबत नाही. त्याऐवजी अफगाण, तुर्की किंवा भारतीय पाहा. अमेरिकेत आधीपासून असलेले जुने इराणी गालिचे तिथल्या लिलावांत आणि दुकानांत मिळतात.

वाड्यातला गालिचा शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येतो. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या कारागृहात गालिचे विणले जात, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या घरातला गालिचा तिथला असण्याची शक्यताही तपासून घ्यावी.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून घेतला तर? (सांगली)

उत्तर : नको. दुकानातून बाहेर पडताच नव्या गालिच्याची पुनर्विक्रीची किंमत उतरते.

प्रश्न : ओळखीच्यांकडून जुना गालिचा स्वस्तात मिळतो आहे. झालर तुटली आहे. कापून टाकून कड शिवून घेतली तर चालेल का? (बेळगाव)

उत्तर : आधी गालिचा घेण्यासारखा आहे का ते पाहा. दोन्ही हातांत धरून हळूच वाकवा. करकर असा तुटल्याचा आवाज आला तर आतलं सूत कुजलं आहे आणि दुरुस्तीत अर्थ नाही. उजेडासमोर धरून भोकं शोधा. चारही बाजूंची किनार सारख्या रुंदीची आहे का पाहा. एका बाजूची अरुंद असेल तर गालिचा कापून लहान केलेला आहे.

एवढं ठीक असेल तर झालर कापू नका. तीच ताण्याची टोकं. ती संपली की शेवटच्या ओळीतल्या गाठी सुटू लागतात. रफूगाराकडून टोकाच्या ओळी सुती दोऱ्यानं हातशिलाईनं बांधून घ्या. मशीनची टीप नको, ती ताण्याचे धागे तोडते. गाठी आधीच सुटल्या असतील तर सैल झालेल्या ओळी काढून पक्क्या ओळीपासून बांधावं लागतं. त्यात अर्धा-एक इंच लांबी जाते, पण सुटणं तिथे थांबतं.